चुलीमागचं बिऱ्हाड

रशियात वोलोग्दाकडच्या त्या गावात कापितोलिना येगोरोव्नाला सगळे कापाआजी म्हणत. उभा जन्म गाई दोहण्यात गेलेला, आणि बोलायला लागली की समोरच्याची धडगत नसे. अशी बाई गेले आठ दिवस भर दुपारी चुलीपुढे गप्प बसून होती. घरातून कुणीतरी गेलं होतं.

नवरा नव्हे. प्रोखोरला जाऊन सहा वर्षं झाली होती. हा घरचा म्हातारा, म्हणजे घराचा राखणदार, चुलीमागे राहणारा, कधी कुणाला न दिसलेला. फळ्या करकरवायचा, गाईला शांत ठेवायचा. प्रोखोर गेल्यापासून आजी भांडायची ती त्याच्याशीच.

चूक तिचीच होती. गेल्या महिन्यात गावात सिनेमावाले आले. सिनेमा भुताखेतांचा, रिकाम्या घरात कोण दडलंय ते शोधणाऱ्या मुलीचा. दिग्दर्शक म्हणाला, "आजी, घर बदलताना म्हाताऱ्याला सोबत कसं नेतात, ते आमच्या नटीला, ताइसियाला शिकवा. अगदी खरं हवं हं!"

झालं, आजीला चेव चढला. परक्याला शिकवताना एक शब्द मुद्दाम चुकवायचा, नाहीतर बोलावणं खरंच लागू पडतं, असं आईने बजावलं होतं. पण हौसेपुढे अक्कल कुठली? तिने शब्दन् शब्द घोकवून घेतला, वर प्रोखोरचा जुना लोकरी बूट काढून दिला. ताइसियाने बूट चुलीपाशी ठेवला, वाकून म्हणाली, "आजोबा, ही तुमची घसरगाडी. बसा, आमच्या घरी चला," आणि दोरीने ओढत उंबऱ्याबाहेर नेला. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात आजीने वाजवल्या. आठ दिवसांपूर्वी सिनेमावाले परत निघाले तेव्हा, पोरीला बूट आवडला म्हणून तो देऊनही टाकला!

आता फळ्या मुक्या होत्या. गाय लाथा झाडत होती. मांजर चुलीमागे डोकावून आजीच्या तोंडाकडे बघत बसे. पण खोट्या बोलावण्याने कुणी जातं का? की त्याला खरं-खोटं कळतच नाही? का तोच तिच्या भांडणाला कंटाळला? आजीला काही सुधरेना.

शेवटी तिने शहरात ताइसियाला फोन लावला. बूट परत पाठव, एवढंच म्हणायचं होतं.

"कापाआजी! मीच करणार होते फोन," ताइसिया म्हणाली. "हसू नका हं. मी इथे एकटी राहते. तीन वर्षं गोळीशिवाय झोप नव्हती. तो बूट शेगडीमागे ठेवल्यापासून गोळी लागलीच नाही. घरी कुणीतरी आहे असं वाटतं. वेड लागलंय का हो मला?"

आजीला राग आला, पण कुणावर ते समजेना.

"वेड कसलं! दूध ठेवतेस का त्याला?"

"नाही."

"म्हणजे उपाशी मारलंस की, भवाने! कोमट ठेव. साय काढू नकोस. आणि घरात शिट्टी मारायची नाही, चिडतो."

"बरं. पण तुम्ही फोन कशाला केला होता?"

आजीने चुलीकडे पाहिलं. "सहजच," ती म्हणाली.

फोन ठेवून तिने सवयीने वाटीत दूध ओतलं, चुलीमागच्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवायला वाकली आणि तशीच वाकून राहिली.