सोमवारचा भात

नीलाबाईंच्या हाताला एक खोड आहे. कुठंही बसल्या की समोरचं वेगळं करायला लागतात. बसस्टँडवर शेंगदाणे घेतले तर आधी खवट दाणे बाजूला निघणार. लग्नात अक्षता हातात आल्या की मोडके तांदूळ निवडत बसतात, मंगलाष्टकं संपतात आणि बाईंच्या अक्षता मुठीतच राहतात. लातूरच्या एका डाळमिलमध्ये सव्वीस वर्षं डाळ निवडली म्हटल्यावर हात सहजी ऐकत नाहीत.

तिथं त्यांना शिकवलं साखराबाईनं. निवडणाऱ्या बायकांची ती म्होरकी, जिभेनं फटकळ. एखादा लॉट बिघडून आला की मुनीम पसाभर डाळ तिच्यापुढं टाकायचा आणि विचारायचा, हिचं काय चुकलं? साखराबाई फडक्यावर डाळ पसरायची आणि नीलाबाईंना समोर बसवायची. नियम दोनच. तोंड बंद ठेवायचं आणि ढिगाला नाव शेवटी द्यायचं. "आदीच किडकी म्हनलीस की हात किडकीच हुडकतोय," ती म्हणायची. जो दाणा ज्याच्या जवळचा वाटेल तो त्याच्या शेजारी ठेवायचा. दुसरीला पटलं नाही तर तिनं न बोलता उचलून दुसरीकडं सरकवायचा. ढीग पडले की दोघी मागं सरकून बघायच्या आणि तेव्हा कुठं कळायचं, की ही डाळ किडकी नव्हतीच, वाळवायलाच कमी पडली होती.

पुढं मिलमध्ये रंग ओळखून डाळ निवडणारं मशीन आलं आणि बायका घरी गेल्या. नीलाबाई सुदर्शन सरांच्या मुलींच्या होस्टेलवर स्वयंपाकाला लागल्या. सर शेजारीच क्लास चालवतात. उमरीच्या, देवणीच्या, कुठल्या कुठल्या मुली डॉक्टर व्हायचं म्हणून येतात आणि होस्टेलच्या मेसमध्ये जेवतात. चार वर्षं नीलाबाईंच्या हातचं खाऊन कुणी उपाशी उठलं नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

यंदा दिवाळीनंतर सहा मुली होस्टेल सोडून गेल्या. सर हादरले. त्यांनी एक पेटी ठेवली आणि राहिलेल्या मुलींना काय खुपतं ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, नाव न घालता. सर शिस्तीचा माणूस. पेटी उघडायच्या आधीच त्यांची पाच पाकिटं तयार होती, वर स्केचपेननं ठळक लिहिलेली: जेवण, पाणी, स्वच्छता, सुविधा, इतर. चिठ्ठ्या वाचून त्यांनी पाकिटांत भरल्या. जेवणाचं पाकीट सगळ्यांत फुगलं. झालं, सरांना कारण सापडलं. पुढच्या महिन्यापासून मेस बंद आणि डबे बाहेरून.

हे सांगायचं काम आलं रेक्टर शबानावर. दुपारची भांडी उरकली तेव्हा ती पाकिटं घेऊन मेसमध्ये आली आणि खाली बघतच तिनं सांगितलं. नीलाबाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. काम जाणार याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते दुसरं.

"माझ्या हाताला चव न्हाई म्हून पोरी गेल्या?"

"मी नाही म्हणत असं मावशी. चिठ्ठ्या म्हणतात."

"मग चिठ्ठ्याच बघू दे. काढ बाहीर समद्या."

"सरांनी लावून ठेवल्यात."

"नाव आदी टाकलंय अन् माल मागनं भरलाय. ह्याला काय निवडनं म्हंत्यात का?"

शबानानं पाचही पाकिटं फरशीवर उलटी केली. नीलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, अक्षर लावून लावून वाचतात. वेळ लागला. पण त्यांनी शबानाला नियम सांगितला होता आणि शबाना तोंडाला कुलूप लावून बसली, हेही कमी नाही. एरवी ही बाई झोपेत बोलते असं मुली म्हणतात.

बाथरूमची कडी आणि मच्छर आपोआप एकत्र गेले. पण नीलाबाईंचा हात काही भलत्याच चिठ्ठ्या एकमेकींजवळ नेऊ लागला. ताट रूमवर नेऊ द्या. जेवणाची वेळ तीनपर्यंत करा. पाण्याचा जार वरच्या मजल्यावर ठेवा. मेसमध्ये उजेड फार आहे. बाकडी उलटी फिरवा. भाजीनं पोटात गोळा येतो. सरांच्या पाकिटांत या चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटल्याच नसत्या. का जवळ ठेवल्या हे नीलाबाईंना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एका चिठ्ठीवरून मात्र दोघींचे हात अडले. 'सोमवारी भात संपतो.' शबानानं ती भाजी-पोळीच्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवली. नीलाबाईंनी उचलून ताट-उजेडाच्या त्या ढिगात ठेवली. शबानानं परत नेली. असं तीनदा झाल्यावर नीलाबाईंनी शबानाच्या खिशातला पेन मागितला, तेच वाक्य दुसऱ्या कागदावर तिच्याकडून उतरवून घेतलं आणि दोन्हीकडं एकेक ठेवली.

"आता बोल," त्या म्हणाल्या. "ह्या ढिगाला काय म्हनशील?"

शबानानं चिठ्ठ्या पुन्हा एकदा वाचल्या. उजेड, जार, ताट, बाकडं, यात सारखं काय आहे? नीलाबाईंनाही कळत नव्हतं. त्या उठल्या आणि मुली बसतात त्या बाकड्यावर जाऊन बसल्या. चार वर्षांत त्या तिथं कधी बसल्या नव्हत्या. समोर भिंत होती आणि भिंतीवर, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, मार्कांची यादी होती.

रविवारी क्लासची टेस्ट. वर्षभरापासून सोमवारी सकाळी सर यादी लावायचे, नावासकट, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. सगळ्या मुली दिवसातून दोनदा तरी मेसमध्ये येतातच, म्हणून मेसमध्ये. शेवटच्या मुलीला घास आणि आपलं नाव एकाच वेळी समोर. नीलाबाई तिकडं बघतच राहिल्या. पोटातला तो गोळा भाजीचा नव्हता.

"पोरींना हितं यायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. ढिगाला नाव मिळालं.

मग त्यांना भाताची चिठ्ठी आठवली. सोमवारी भात उरतो हे त्यांनी वर्षभर पाहिलं होतं. का उरतो ते विचारलं नव्हतं. भात वाया जातो म्हणून सोमवारी त्या लहान पातेलं चढवायच्या. यादीपुढं सगळ्यांसमोर बसणं चुकवून तीन वाजता गुपचूप जेवायला येणाऱ्या मुलीला तळ दिसायचा. उमरीची शिवांगी हमेशा तशीच यायची, आणि नीलाबाई तिला उशीर केल्याबद्दल बोलायच्या.

शबाना म्हणाली, "ही चिठ्ठी सरांना दाखवायलाच पाहिजे असं काही नाही."

"दावायचीच."

संध्याकाळी सर आले. नीलाबाईंनी त्यांना बाकड्यावर बसवलं आणि ढीग दाखवला. सर प्रत्येक चिठ्ठी वाचत होते आणि मधूनमधून भिंतीकडं बघत होते. शेवटी नीलाबाईंनी भाताची चिठ्ठी हातात दिली.

"ही माझी चूक हाय सर. सोमवारी मी भात कमी टाकते. त्यासाठी काढायचं असंल तर काढा. पन बाकीचं माझ्या भाजीवर नका घालू."

सरांनी चिठ्ठी ढिगावर ठेवली. "यादीनं पोरी इरेला पेटतील असं वाटलं होतं," ते म्हणाले. उठून त्यांनी यादी काढली, घडी घालून खिशात ठेवली. "डब्यांचं सोमवारनंतर बघू."

सोमवारी सवयीनं नीलाबाईंचा हात लहान पातेल्याकडं गेला. त्यांनी ते परत ठेवलं आणि मोठं चढवलं. दीड वाजता त्या दाराकडं बघत उभ्या राहिल्या. मुली आल्या, भिंतीकडं बघितलं, बसल्या. शिवांगी सगळ्यांबरोबर आली. तिनं दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा नीलाबाईंनी डाव इतका भरून वाढला की थोडा भात ताटाबाहेर सांडला.

सव्वादोनला सर दारात आले. "मावशी, थोडा भात मिळेल का?"

नीलाबाईंनी पातेलं तिरकं करून दाखवलं. सरांनी आत वाकून पाहिलं, खिशातून फोन काढला आणि डबेवाल्याला नको म्हणून सांगतच बाहेर गेले.

नीलाबाईंनाही भात उरला नव्हता. त्या सकाळची भाकरी वरणात कुस्करून खायला बसल्या. शबाना शेजारी येऊन टेकली.

"मावशी, एक तक्रार आहे. सोमवारी भात संपतो म्हणतात."

"व्हय," नीलाबाई म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.