बलभीम सरांचं 'बरोबर शून्य'

बलभीम सर मुळात इतिहासाचे. येडशीजवळच्या त्या शाळेत गणिताला कुणी मिळेना, म्हणून मुख्याध्यापकांनी सातवी-आठवीचं गणित त्यांच्या गळ्यात घातलं, ते अकरा वर्षं गळ्यातच राहिलं. अंकगणितात त्यांचं बरं निभायचं. बीजगणिताला मात्र त्यांनी आपली एक युक्ती बसवली होती. फळ्यावर क्ष दिसला की पुढं 'बरोबर शून्य' लिहायचं आणि क्ष काढून मोकळं व्हायचं. मुलांनाही ते सोपं वाटायचं.

आठवीच्या सहामाहीला त्यांनी प्रश्न घातला: '३क्ष + ६ सोडवा.' सगळ्या वर्गानं बरोबर शून्य मांडून क्षची किंमत उणे दोन आणली. एकट्या चैतालीनं लिहिलं, 'ही बैजिक राशी आहे. हिच्यात बरोबरचं चिन्ह नाही, म्हणून सोडवायला काही नाही. क्ष एक असला तर नऊ होतील, दोन असला तर बारा. समीकरण दिलं असतं तर क्ष काढला असता.'

सरांनी तिला भोपळा दिला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पेपर वाटताना त्यांनी तिला उभं केलं, उत्तर वर्गाला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "येत न्हाय तर न्हाय म्हणावं. मास्तरला शिकवू न्हाय."

वर्ग हसला. वर सरांनी तिला तसली पन्नास गणितं घरून सोडवून आणायला लावली, प्रत्येकापुढं बरोबर शून्य लिहून. तिनं आणली. पुढच्या वर्षी ती नववीला धाराशिवला गेली आणि सर ते विसरले.

जानेवारीत आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. हर्षाली मॅडम म्हणून एक तरुण शिक्षिका मार्गदर्शनाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "'अणदूरच्या जत्रेला गेलेली माणसं' एवढंच म्हटलं, तर ते खरं की खोटं हे ठरवताच येत नाही. ही राशी. 'जत्रेला गेलेली माणसं वीस' म्हटलं, की विधान झालं, खरं-खोटं तपासता येतं. हे समीकरण. काही शिक्षक मात्र राशीपुढं आपल्या मनानंच बरोबर शून्य लावतात."

सगळे हसले. बलभीम सरही हसले, जरा जास्तच मोठ्यानं. हसता हसता त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारी बसलेल्या गोरोबा सरांनी विचारलं, "असले कोण असतील हो?"

"असतील एखाद-दुसरे," बलभीम सर म्हणाले.

रविवारी ते चैतालीच्या घरी गेले. तिचे वडील मच्छिंद्र एसटीच्या वर्कशॉपात कामाला होते. त्यांनी लगबगीनं खुर्ची टाकली, चहा सांगितला. "तुमी पोरीला वळण लावलं सर, म्हणून ती धाराशिवला टिकली," ते म्हणाले. सरांनी अर्धा चहा ठेवून कपबशी बाजूला सरकवली. त्यांनी चैतालीला बोलावून घेतलं.

"ते सहामाहीचं उत्तर, चैताली. तुझं बरोबर होतं. चुकलो मी. आणि वर्गात तुला बोललो, ते तर..."

चैतालीनं आतून नववीचा पेपर आणून त्यांच्या हातात दिला. बहुपदींच्या चार गणितांवर लाल फुल्या होत्या. चारही ठिकाणी तिनं शेवटी बरोबर शून्य लिहिलं होतं.

"मला कळतंय सर," ती खाली बघत म्हणाली. "पण हात आपोआप लिहितो."

मच्छिंद्रनं एकदा पेपराकडं, एकदा सरांकडं बघितलं. अर्धा चहा तसाच असलेली कपबशी त्यांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

"मी पुन्हा शिकवू का? रविवारी येत जाईन," सर म्हणाले.

"नको सर. तिथल्या मॅडम शिकवतात," चैताली म्हणाली.

सोमवारी सरांनी आठवीच्या वर्गाला सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलंय." मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं. मग एका मुलीनं विचारलं, "सर, पण परीक्षेत काय लिहायचं?" त्यावर ते तासभर नीट शिकवत राहिले.

गणित काढून घ्या म्हणून त्यांनी अर्ज दिला. दुसरं कुणी नव्हतं, अर्ज परत आला. आता ते आदल्या संध्याकाळी तयारी करून वर्गावर जातात. पण येडशीच्या बाजारात एखादा जुना विद्यार्थी पाया पडायला वाकला, की ते पाय मागं घेतात आणि काहीतरी काम निघाल्यासारखं करून पुढं चालू लागतात.