कुठलं वाक्य खोटं?

मिस्त्रींसारखं अशील वैऱ्यालाही मिळू नये. भांडकुदळ माणूस परवडला, त्याला निदान दटावता येतं. हा माणूस सज्जन, आणि वकिलाच्या डोक्याला खरा ताप तोच असतो.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करतात. उभा जन्म उंच इमारतींच्या माथ्यावरच्या यंत्रखोल्यांत आणि लिफ्टखालच्या खड्ड्यांत गेला. नखं ग्रीसनं काळी, आवाज गरजेपेक्षा मोठा. स्वतः राहतात त्या इमारतीत मात्र लिफ्टच नाही. त्यावर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, येईल त्या पाहुण्याला तोच विनोद ऐकवतात.

एका इमारतीत लिफ्ट मजल्यापासून वीतभर खाली थांबली आणि एक बाई पडून जायबंदी झाल्या. खटला इमारतीच्या मालकावर चालला. देखभाल मिस्त्रींकडे असल्यामुळे साक्षीला त्यांना बोलावलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्यांनी दोरापासून दिव्यापर्यंत सगळं सांगितलं. मालक सुटला. बाई संतापल्या, त्यांनी तक्रार केली आणि खोट्या साक्षीचा खटला मिस्त्रींवरच उभा राहिला. लायसन्स अडकलं. जिथे ‘या मिस्त्री, बसा’ म्हणायचे तिथे वॉचमन फाटकावरूनच परत पाठवू लागला.

आणि आरोप काय? तर ‘सोबत जोडलेल्या साक्षीत आरोपीने शपथेवर जाणूनबुजून खोटी विधाने केली.’ बस्स. सोबत अख्खी साक्ष. त्यातलं खोटं कुठलं? मग खरं काय होतं? एक अक्षर नाही. मी प्रत्येक तारखेला तेच विचारायचे आणि सरकारी वकील शांतपणे म्हणायचे, “आरोपीला ते चांगलं ठाऊक आहे.” भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. अहो, माणसानं बचाव करायचा तरी कशाचा?

मिस्त्रींच्या घरात प्रत्येकाचा अंदाज वेगळा. मेव्हण्याच्या मते मिस्त्रींनी वय चोरलं असणार. वहिनी म्हणाल्या, “कामावर मी कधी चिडत नाही, असं म्हणालात ना तिथे? तेच ते!” सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. रोज जेवण झालं की ते साक्षीचे कागद घेऊन बसायचे आणि पहिल्या ओळीपासून वाचायचे.

“मॅडम,” एकदा मला म्हणाले, “माझं नाव तरी बरोबर सांगितलंय ना मी? आता तेही खोटं वाटायला लागलंय.”

“मिस्त्री, ते कागद कपाटात ठेवा. खोटं शोधायचं काम सरकारचं आहे, तुमचं नाही.”

ऐकलं असतं तर ते मिस्त्री कसले!

अखेर माझ्या अर्जावर सुनावणी झाली. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं, “आरोप मोघम आहे. कुठलं विधान खोटं हे न सांगता कुणाला उत्तर द्यायला लावता येणार नाही. आरोप रद्द. नव्यानं आणायचा तर नेमका आणा.” मी खूश होऊन फाइल आवरायला घेतली. नेमका आणायला त्यांच्याकडे होतंच काय?

तेवढ्यात शेजारी मिस्त्री उभे राहिले.

“साहेब, कुठलं ते मला सापडलंय.”

मी त्यांची बाही ओढली. चांगली जोरात ओढली.

“तपासणीत ब्रेक मी स्वतः पाहिला, असं मी बोललो. आमच्या कामात एक जण वर असतो, एक खाली. खालचा ओरडतो, झालं? वरचा ओरडतो, झालं. मग ते दोघांनी पाहिलं असंच आम्ही धरतो. सगळेच धरतात. पण साहेब, ब्रेक वर असतो आणि त्या दिवशी मी खाली होतो.”

“मिस्त्री, खाली बसा,” न्यायाधीश म्हणाले. “तुमच्या वकील बोलतील.”

“बसतो. पण एवढं एकच होतं. बाकीचं सगळं खरं होतं, साहेब. तेवढं कुणीतरी लिहा.”

ते कुणीच लिहिलं नाही. सरकारी वकील मात्र मान खाली घालून भराभर लिहीत होते.

नवा आरोप लवकरच आला. वाक्य जसंच्या तसं, तारीख, खरी गोष्ट काय, ती मिस्त्रींना कशी ठाऊक होती, सगळं होतं. इतका नेमका आरोप माझ्या उभ्या वकिलीत मी पाहिला नव्हता. बोट ठेवायला कुठे जागाच नाही. मिस्त्रींनी तो माझ्या ऑफिसात माझ्यासमोर बसून सावकाश वाचला आणि मान हलवली.

“हां,” ते म्हणाले, “आता बरोबर आहे.”

मी त्यांच्यावर ओरडले. बाहेरच्या खोलीतल्या वहिनी दचकून दारात येऊन उभ्या राहिल्या, इतकी ओरडले.