मामीचं खरं मत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वडनेरच्या मामीचं नाव घेतो. आणि अख्ख्या हिंगणघाट तालुक्यात जिच्या मतावर काडीचाही भरवसा ठेवू नये, अशी बाईही तीच.

आमच्या गावची शाळा सातवीला संपायची. पुढची पाच वर्षं मी मामीकडे राहून शिकलो. तेवढ्या वर्षांत तिनं कुणाला किंवा कशालाही वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही. सगळं ‘बेस हाये’. शिंप्यानं ब्लाउजची एक बाही चार बोटं लांब शिवली, तरी बेस हाये. वर त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या दुकानावरून जाताना ती तो हात कोपरात दुमडून चालायची. एका लग्नात वरण खारट झालं. आचारी पंगतीत आला तशा बाकीच्या बाया गप्प झाल्या, म्हणून मामीनं वरण पुन्हा मागून घेतलं आणि दिवसभर पाणी पीत बसली. माझा आठवीचा गणिताचा पेपर तिनं उलटसुलट पाहिला आणि अक्षराचं कौतुक केलं.

अशा बाईला आम्ही, वर्ध्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी, प्रकल्पासाठी निवडलं. कापूस वेचताना बाया कमरेला कापडाची ओटी बांधून तीत कापूस भरतात, ओझ्यानं कंबर धरते. म्हणून आम्ही दोन खांद्यांवर पट्टे, पुढे चेन आणि मोबाइलला कप्पा असलेली थैली शिवली. सरांचं म्हणणं एकच होतं : जिच्यासाठी वस्तू करता तिचं ऐका आणि ऐकून काय बदललं ते दाखवा, नाहीतर सही नाही. आम्ही मामीकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा पोहे आणि बेस हाये. सरांनी वही चाळून शांतपणे विचारलं, “या ‘बेस’चं मी काय करू?” पंधरा दिवस उरले होते. सही नाही तर वर्ष गेलं. आणि घरातला पहिला पदवीधर म्हणून बाबांनी तर गावभर आधीच सांगून ठेवलं होतं.

मग आम्ही तीच थैली निळ्या कापडात शिवून घेतली. ती घेऊन मी एकटाच गेलो आणि मामीशी पहिल्यांदा खोटं बोललो, की ही अमरावतीच्या पोरांनी केली आहे. मामीनं ती बांधून एक ओळ वेचली. मग आजूबाजूला पाहून विचारलं, थे पोट्टे इथं आलेत काय? नाही म्हटल्यावर ती मोकळी झाली.

“कोन्या बैताडानं केली रे हे? पोटावर नगारा बांधल्यावर बाई वाकीन कशी? मोबाइलले खोली देल्ली अन् कापसाले जागा नाई. कापसातून इंचू निंघाला, नांगी मारली त मी हे पट्टे काढत बसू काय? ओटीची गाठ एका हातानं सुटते, बाप्पा. त्याइच्या मायनं कधी कापूस नाई येचला काय?”

माझ्या मायनं जन्मभर वेचला आहे. तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. अकरा पानं भरली.

नवी थैली एका गाठीची झाली. सही मिळाली, पदवी मिळाली. पण मामीला त्या अमरावतीच्या पोरांची हुरहूर लागून राहिली. आपण फार बोललो, त्यांचं काय झालं, पास झाले का, असं ती दर फोनला विचारायची. फोनवर खरं सांगितलं असतं तर ‘बेस केलं’ म्हणून तिनं विषय संपवला असता. म्हणून पुण्याला नोकरी लागल्यावर मी पत्र टाकलं.

“मामीले नमस्कार.
निळी थैली अमरावतीच्या पोट्ट्याइची नव्हती. थे बैताड आम्हीच. मी तुह्याशी खोटं बोललो, माफ करजो. पास झालेत सारेच, आता त्याइची काळजी करू नोको. यंदा येचनीले मले सुटी नाई. संग आणखी एक थैली धाडून राह्यलो, हे मायले इचारून केली. एक दिवस वापरून पाहेजो अन् जे खटकन थे लिहून धाडजो. मी इथं परक्या लोकाइत राहातो मामी, सारे गोडच बोलतात. तू घरच्यावानी बोलजो.
तुहा भाचा”