आजच उजवून टाकू

आमच्याकडे मुलाचं लग्न करतात; मुलगी उजवतात. सोळा सोमवार धरले की तेही उजवतात, म्हणजे व्रत पुरं होतं, माणूस मोकळं होतं. उशिरा मूल झालं की कूस उजवली म्हणतात. माझी आई ‘उजवणं’ हा शब्द सुस्कारा टाकून वापरायची. मीही वर्षानुवर्षं वापरला, विचार न करता.

गेल्या दिवाळीनंतर धाकट्या भावाने चौसाळ्याला बोलावलं. "ताई, ऊसतोडीला जायच्या आत यादी करून ठिवू. लग्न उन्हाळ्यात." यादी म्हणजे देण्याघेण्याच्या ठरावाचा कागद. घरातल्या प्रत्येक लग्नाची यादी मीच लिहिते. त्याची मुलगी, माझी भाची, सतराची, बारावीला. आईबाप सहा महिने उसाच्या फडावर. तरणी पोर घरी कोणाजवळ ठेवायची, ही त्याची भीती खोटी नव्हती.

घाटनांदूरचे पाहुणे आले. कागदाला हळदकुंकू लावलं. मानपानाच्या साड्या लिहून झाल्या, भांड्यांवर आले, तेवढ्यात मुलाचे मामा म्हणाले, "एवढं लिहिता कावून? यादीपे शादी करू. गुरुजी ओसरीवर बसलेतच. आजच उजवून टाकू!"

सगळे हसले. भाऊ हसला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. दारात भाची चहा घेऊन उभी होती. ट्रे उंबऱ्यावरच ठेवून ती आत गेली.

मी कागदाच्या वरच्या बाजूला भाचीची जन्मतारीख लिहिली.

"दोन्हीकडून सह्या करा. मग बोलवा गुरुजींना."

मामांनी वाचलं. "बाई, यादीत कुठं वय असतंय का?"

"आजच लग्न लावायचं तर असतं."

कागद हातोहात फिरला. सही कोणी केली नाही. पाहुणे न जेवताच उठले.

"लई कायदेवाली झालीस!" भाऊ ओरडला. "आता तिला कुठं ठिवू? फडात, पालावर?"

"माझ्याकडं."

"आन् काही झालं तर?"

मी भाचीला पुस्तकं भरायला सांगितली. दुपारच्या एसटीने आम्ही बीडला आलो.

ऊसतोडीची टोळी गेल्यापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. रोज फोन करतो, तो तिलाच. अभ्यासाचं विचारत नाही. "आत्याच्या दाराला आतून कडी हाय ना?" एवढंच विचारतो. ती हो म्हणते. मग मीही उठून एकदा कडी ओढून बघते.