शाबोच्या बुटाची नाडी

शाबोचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चाळीस वर्षं. जेरुसलेमच्या किती टेकड्यांवर त्याने रचलेल्या भिंती आहेत, त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. एकही दगड सरकलेला मी पाहिलेला नाही. मी बारा वर्षं त्याच्या हाताखाली होतो. माझं काम बघून तो एकच म्हणायचा, “चालेल. पाड आणि परत कर.”

कामाआधी आम्ही गवंडी सिनेगॉगमध्ये, आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघरात, जमून त्या तारखेची स्तोत्रं मोठ्याने म्हणायचो. धर्मग्रंथातली दीडशे स्तोत्रं अशी महिन्यात संपतात. सत्ताविसाव्या तारखेला एकशे सत्ताविसावं यायचं. ते आलं की शाबो बाहेर जाऊन बुटाची नाडी बांधायचा. कारण त्यात म्हटलंय, देवाने घर बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट व्यर्थ. वर पहाटे उठणंही व्यर्थ.

“हे मला पहाटेच सांगायचं होतं?” शाबो करवादायचा.

आम्हीही सोडायचो नाही. आधीचं स्तोत्र संपत आलं की मागून कुणीतरी ओरडायचं, “शाबो, नाडी सुटली!”

काम सोडल्यावर मात्र तो कात्रीत सापडला. त्याची नात गझाला हिने घर घेतलं. “आजोबा, गृहप्रवेशाला ते घराचं स्तोत्र तुम्हीच म्हणायचं.” लाडकी नात. तो हो म्हणून बसला. आता जे पटत नाही ते तिच्या दारात उभं राहून म्हणायचं कसं? खोटं काम त्याने कधी केलं नव्हतं.

वस्तीच्या सभागृहात दर गुरुवारी विद्यापीठातल्या तिर्झाबाई स्तोत्रांवर बोलायच्या. शाबो मला ओढत घेऊन गेला आणि पहिल्या रांगेत बसला.

“बाई, माझा जन्म फुकट गेला असं लिहिलंय का त्यात?”

“सांगते. आधी हे ऐका. काही अभ्यासक म्हणतात, ही मुळात दोन गाणी. एक घराचं, एक मुलांचं. मागाहून जोडलेली.”

“जोड कुठाय?”

“झोपेची ओळ संपते तिथे.”

शाबोने डोळे मिटून स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मी बघतच राहिलो. चाळीस वर्षं दाराबाहेर नाडी बांधता बांधता पाठ झालं होतं!

“चूक,” तो म्हणाला. “आधी घर, मग शहर, शेवटी वेस. मधे मुलं. घर बांधायचं कुणासाठी? एका हाताचं काम आहे. आणि थर बघा. खाली घर, वर शहर. खाली बांधणारा, वर पहारेकरी. वरचा दगड खालच्यासारखाच, पण जरा सरकवून ठेवलेला. सांध्यावर सांधा आला तर भिंत फुटते.”

तिर्झाबाईंनी ते लिहून घेतलं. “यावर आम्ही पुस्तकं लिहितो, शाबो.”

“लिहा. माझ्या प्रश्नाचं काय?”

“‘व्यर्थ’ किती वेळा येतं?”

“तीनदा.”

“आणि चौथ्यांदा?”

शाबोने बोटांवर मोजलं. “नाही येत. झोप येते. देव आपल्या लाडक्याला झोप देतो.”

“तुम्ही तिसऱ्या थरावर काम सोडून जाता. बांधू नका, असं हे स्तोत्र रचणारा कुठेच म्हणत नाही. एकट्याने बांधतोय असं समजू नका, म्हणतो. आणि पहाटेचं उठणं, कष्टाची भाकर, हे लांबून बघणाऱ्याला सुचतं का?”

“म्हणजे तोही पहाटे उठायचा?”

“मला वाटतं. पुरावा नाही.”

“पुरावा कामात असतो,” शाबो म्हणाला. “एक शब्द भरतीचा नाही. आळशी माणसाला हे जमत नाही.”

गझालाच्या दारात त्याने खणखणीत आवाजात सुरुवात केली. तिसऱ्या ‘व्यर्थ’वर किंचित थांबला. मला राहवेना. “शाबो, नाडी!”

त्याने खाली बघितलं. “चपला आहेत, गाढवा.” आणि शेवटपर्यंत म्हटलं.

घरी येताना त्याची बायको नाइमा म्हणाली, “लाडक्याला झोप मिळते ना? मग आपल्या गादीचं कापसाच्या गोळ्यांचं पोतं झालंय, त्याचं बघ.”

साठवलेल्या मजुरीतून त्याने गादी घेतली. आधी तिची शिवण इंच इंच तपासून दुकानदाराचा अर्धा दिवस खाल्ला. पहिल्या सकाळी सात वाजले तरी शाबो उठेना. घाबरून नाइमाने त्याच्या नाकाशी आरसा धरला. काचेवर वाफ धरली.

डोळे न उघडता शाबो म्हणाला, “चालेल.”