घराला सील लागण्याआधी

शकुन देवस्थळींची नोकरीतली शेवटची वर्षं बँकेच्या वसुली खात्यात गेली. कर्ज थकलेल्या घराला सील लागताना त्या कितीदा तरी दारात उभ्या राहिल्या होत्या. पण नंतर त्या इमारतीचं काय होतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ते दिसलं निवृत्तीनंतर, कोलकात्याच्या दमदम भागात. यजमान श्यामसुंदर केंद्र सरकारच्या नोकरीत. बदल्यांना कंटाळून दोघांनी इथेच फ्लॅट घेतला होता. लॉकडाऊननंतर इमारतीतल्या दोन फ्लॅटना सील लागलं. देखभालीचे पैसे अपुरे पडू लागले, रखवालदार गेला, लिफ्ट बंद पडली ती पडलीच. बंद घरातला नळ गळून खालच्या छताला ओल आली, पण दार उघडायचं कोणी? लिलावाला गिऱ्हाईक फिरकेना. ज्यांना राजीखुशीनं घर विकायचं होतं, त्यांनाही भाव मिळेना.

एका दुपारी समोरची देबजानी आली. "शकुनदी, माझं शिलाई मशीन कुणाला हवंय का?"

शकुनताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "घराचा हप्ता चुकलाय?"

"अजून नाही. पुढचा चुकेल." देबजानीचे डोळे भरले. नवरा कामाला होता ती बजबजची ज्यूट मिल बंद झाली होती. सियालदहच्या ठोक बाजारात काम मिळालं होतं, पण पगार निम्मा.

"मशीन राहू दे. उद्या बँकेत जाऊ."

"बँकेत? आम्ही तर त्यांचा फोनसुद्धा घेत नाही!"

"सगळे तेच करतात, आणि बँकेला वाटतं माणूस पळाला. हप्ता थकायच्या आधी गेलं, तर मुदत वाढवून मागता येते."

बँक दुसरी, मॅनेजर तरुण. त्यानं आधी नकारार्थी मान हलवली. "मॅडम, एकाला सवलत दिली की उद्या रांग लागेल."

"लागू दे," शकुनताई म्हणाल्या. "आमच्या इमारतीत तुमची आणखी कर्जं आहेत. तुम्ही सील लावलेला फ्लॅट अजून विकला जात नाहीये. अजून एका दाराला कुलूप लावाल, तर बाकीच्या घरांची किंमतही उतरेल. तारण तुमचंच आहे ना ते? ही बाई पैसे बुडवत नाहीये, वेळ मागतेय."

त्यानं कर्जाची फाइल पुढे ओढली. "वर विचारून बघतो."

त्याच्या 'वर'ला पुष्कळ वेळ लागला. शकुनताई खेटे घालत राहिल्या. श्यामसुंदर चिडवायचे, "अगं, तू निवृत्त झालीस ना?" त्या हसून चपला घालायच्या. शेवटी मुदत वाढली, हप्ता झेपेल इतका उतरला. सह्या करण्याआधी शकुनताईंनी देबजानीला स्पष्ट सांगितलं, "एकूण व्याज जास्त जाईल हं. फुकट काही मिळत नाही."

"जाऊ दे. मुलीची शाळा तर सुटत नाही!"

बातमी जिन्यानं वरखाली पसरली. ज्यांनी तोवर अडचण लपवली होती, ते हळूहळू दार वाजवू लागले. शकुनताई प्रत्येकाबरोबर गेल्या. सगळ्यांचं जमलं नाही. वरच्या मजल्यावरचे बागचीबाबू फार उशिरा बोलले. त्यांना लिलावाआधी स्वतःच घर विकायला मदत करण्यापलीकडे काही करता आलं नाही. त्यांचं सामान उतरलं त्या दिवशी शकुनताई जेवल्या नाहीत.

पण बाकीची घरं टिकली. पुन्हा वर्गणी जमू लागली, नळ दुरुस्त झाला. सील लागलेले फ्लॅटही यथावकाश बऱ्या भावात गेले आणि त्यांत माणसं राहायला आली. मग लिफ्ट सुरू झाली.

त्या सकाळी देबजानीच्या सासूबाई, गुडघ्यांमुळे वर्षभर वरच अडकलेल्या, खाली उतरल्या. शकुनताईंचा हात धरून कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यापर्यंत चालत गेल्या आणि दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिच्याकडून पैसे घेऊ नकोस रे, मी देते. ही आमच्या घरची आहे."